इज की वॉज

इंग्रजी संभाषणाच्या वर्गात घरच्या माणसाविषयी दोन मिनिटं बोलायचं होतं. हॉटेलात पाहुण्यांशी बोलून बोलून करुणाची भीड चेपली होती, म्हणून तीच आधी उठली.

"माय हजबंड वॉज... इज... वॉज अ फिशरमन."

"नक्की काय?" देसाई मॅडम हसल्या. "आहेत, तर इज. होते, तर वॉज. एवढं तर येतं तुम्हाला!"

येत होतं. पण सात वर्षांपूर्वी त्याची बोट समुद्रात गेली, ती परतलीच नाही. बोट सापडली नाही आणि तोही नाही. सासू दर दिवाळीला त्याच्यासाठी नवा सदरा आणायची. दीर मृत्यूच्या दाखल्यासाठी अर्ज कर म्हणायचा. दोघांपुढेही करुणा मान डोलवायची. आता मात्र एकच शब्द निवडायचा होता.

"मॅडम, ते आहेत की नाहीत हेच माहीत नसेल, तर काय म्हणायचं?"

मॅडमच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं.

"आय अ‍ॅम हिज वाइफ," शेवटी करुणाच म्हणाली. हे वाक्य मात्र न अडखळता आलं.