सदऱ्याची पिशवी

इंजिनीअरसाहेब रविवारी मरोद्याच्या तलावावर जाळं लावून पाखरं धरत, त्यांच्या पायात नंबराची कडी घालत आणि सोडून देत. मे महिन्यात मदतीला त्यांनी पंचफुलाला ठेवलं. तिचा नवरा पोलाद कारखान्यात नव्या भट्टीच्या परांचीवरून पडून मेला, तेव्हा त्याचा मजुराचा बिल्ला पाहूनही याच साहेबांनी हात झटकले होते, "या माणसाला मी कधी पाहिलंच नाही." तिचा चेहराही ते विसरले होते. धरलेलं पाखरू ती कापडी पिशवीत घालून देई. पाखरू निसटू नये म्हणून साहेब आत न बघताच हात घालत. आज तिनं नवऱ्याच्या सदऱ्याची पिशवी शिवून आणली. तिच्यात लाल विंचू होता. साहेब किंचाळून कोसळले. "बाई, पळ! जीप बोलाव!" पंचफुलानं पिशवी झटकली, घडी घालून कमरेला खोचली. "कोन हो तुमी? म्या तं तुमाले कधी पाह्यलंच नाही."