वळणावरचा पाय

दसरा झाला की राजेश्री आणि तिचे बाबा जंगलातल्या तळ्याभोवती सीताफळं शोधत दिवसभर फिरायचे. गेल्या वर्षी ती आली नव्हती. रानडुकरांसाठी कुणीतरी वाटेवर आडव्या बांधलेल्या विजेच्या तारेला चिकटून बाबा एकटेच जळाले. तार कुणाची, ते कळलंच नाही.

यंदा सोबत सूर्यभानकाका होता.

"मी तर इकडं पयल्यांदाच यायलोय, माय. पर तार बांधणारा घावू दे, उभा चिरतो त्याला!"

बाबा पडले ते वळण आलं. वाट मोकळी होती. बोलता बोलता काकानं गुडघ्याएवढा उंच पाय उचलला आणि जपून पलीकडं टाकला.

राजेश्रीनं हातातली काठी त्याच गुडघ्यावर हाणली. हाड मोडल्याचा आवाज आला.

"तार तर पोलिसांनी कवाच नेली, काका. तुमी काय ओलांडलं?"