वायरीचं वेटोळं

मुलांनो, एक दुकान डोळ्यांसमोर आणा. फार मोठं नको. एका बाजूला मिक्सर, इस्त्र्या, पंखे मांडलेली फळी, मध्ये आठ-दहा पावलं चालता येईल एवढी जागा, आणि भिंतीवर बटणांचा बोर्ड. आता त्या बोर्डाजवळ एक मुलगी उभी करा. पाठीवर दप्तर, आणि दोन आखूड वेण्या, प्लगच्या दोन पिनांसारख्या अगदी ताठ. त्या वेण्यांमुळे आजोबा तिला टूपिन म्हणायचे. आजोबा जन्मभर वायरमन होते, त्यांना दुसरं काय सुचणार?

आई आणि आजोबा तिला शाळेतून घेऊन थेट इथे आले होते. गोष्ट अशी झाली होती, की महिन्यापूर्वी केर काढायला वाकले आणि आजोबा पडले. घरात कोणी नव्हतं. आई कामावरून परत येईपर्यंत ते तसेच जमिनीवर. पण पडले म्हणून केर काढायचा सोडतील, तर ते आजोबा कसले! शेवटी आईनं अट घातली. न वाकता चालवता येईल असा हलका व्हॅक्यूम क्लीनर घ्यायचा आणि तो आजोबांनी दुकानातच चालवून दाखवायचा. जमलं तर ठीक. नाही तर रविवारी मामाकडे राहायला जायचं, तिथे दिवसभर घरात माणूस असतं.

दुकानदारबाईंनी आधी बॅटरीवाला दिला. मोटर आणि बॅटरी, दोन्हींचं ओझं मुठीपाशीच. आजोबांनी एका हातानं उचलला आणि त्यांचं मनगट खाली गेलं.

"हा मलाच ओढत नेईल," ते म्हणाले. बाई हसल्या. आई हसली नाही.

दुसरा काठीसारखा सडपातळ होता, वायरवाला. बॅटरी नाही, त्यामुळे वजन निम्मं. वायर दोन्ही टोकांनी सुटी करून वेगळी ठेवता येते, असं म्हणत बाईंनी ती काढून पुन्हा लावून दाखवली. आजोबांनी मशीन एका हातात तोललं. त्यांचा चेहरा खुलला.

"पण वायर पायात येईल," आई म्हणाली.

"चाळीस वर्षं वायरींमध्ये काढली. एकीनंही मला पाडलं नाही."

"केरसुणीनंही पाडलं नव्हतं, बाबा. त्या दिवसापर्यंत."

बाईंनी जमिनीवर कागदाचे कपटे टाकले आणि टूपिनला बटण लावायला सांगितलं.

टूपिनचा हात बटणावर होता, पण तिचं लक्ष आजोबांच्या डाव्या पायाकडे होतं. आजोबा पडल्यापासून तो पाय बधिर झाला होता. त्यातली चप्पल निसटून मागे राहिली, तरी आजोबांना कळत नसे. ते तसेच पुढे जायचे, आणि टूपिन धावत जाऊन चप्पल आणून द्यायची. आईला यातलं काही सांगायचं नाही, असं दोघांचं ठरलं होतं.

मशीन सुरू झालं. आजोबांनी जुन्या सवयीनं वायर खांद्यावरून मागे टाकली आणि चालू लागले. कपटे भराभर आत गेले. आई हाताची घडी घालून बघत होती. पाचव्या-सहाव्या पावलाला ती घडी जराशी सैल झाली.

भिंतीपाशी आजोबा वळले, आणि वायर खांद्यावरून घसरली. तिचं वेटोळं डाव्या पायापुढे पडलं. पाऊल त्यात शिरलं. आजोबा उरलेल्या कपट्यांकडे बघत होते, आई आजोबांच्या चेहऱ्याकडे. पायाकडे फक्त टूपिन बघत होती.

ओरडावं, तर आईला सगळं कळेल. गप्प राहावं, तर आजोबा पुढचं पाऊल टाकतील. तुम्हाला विचार करायला वेळ आहे, मुलांनो. तिला नव्हता.

तिनं बटण बंद केलं.

मशीन थांबलं, आजोबाही थांबले. "लाईट गेली की काय?" म्हणत बाईंनी वर पाहिलं. पंखा फिरत होता. आजोबांनी खाली पाहिलं, फळीला धरून पाय सावकाश वेटोळ्याबाहेर काढला आणि जणू काही झालंच नाही असे पुढे निघाले. चप्पल वेटोळ्यातच राहिली.

आईनं चप्पल पाहिली. मग आजोबांचा उघडा पाय. मग बटणावरचा लेकीचा हात.

"पोरीला बोलू नकोस," आजोबा म्हणाले. "सांगू नकोस असं मीच म्हटलं होतं तिला."

आईनं चप्पल उचलली आणि खाली बसून त्यांच्या पायात घातली. मग तशीच बसल्या बसल्या टूपिनला म्हणाली, "आज तू होतीस. उद्या तू शाळेत असताना बटण कोण बंद करणार?"

तिचा आवाज चढलेला नव्हता. आजोबांनी मशीन भिंतीला टेकवून ठेवलं.

"माझी बॅग माळ्यावर आहे," ते म्हणाले. "काढायला लागेल."

टूपिननं आधी बोर्डातली पिन काढली. मग वायरीचं दुसरं टोक मशीनमधून काढलं. आजोबा गुंडाळायचे तशी वायर पंजा आणि कोपर यांच्यात गुंडाळली, टोक आत खोचलं. दप्तर खाली उतरवलं, वह्या एका बाजूला सरकवल्या आणि वेटोळं आत ठेवलं. "मी शाळेत, तर वायरही शाळेत," ती म्हणाली. बाई काहीतरी म्हणणार होत्या. आईनं हातानंच त्यांना थांबवलं आणि पर्स उघडली.

टूपिननं चेन शेवटपर्यंत ओढली, दप्तर पाठीवर चढवलं आणि आजोबांच्या डाव्या बाजूला जाऊन उभी राहिली.