उजवा कौल

फौजदाराला फाशी होणार की जन्मठेप, एवढाच वाद देवळापुढच्या लिंबाखाली उरला होता. तो सुटेल असं म्हणायची कुणाची छाती नव्हती. लातूर जिल्हा झाला, तिथं मोठं कोर्ट बसलं, आणि त्या कोर्टातला पहिला गाजलेला खटला आपल्या गावचा, याचा लोकांना दुष्काळातही थोडा अभिमान वाटत होता. टँकर यायला अवकाश होता. तोवर घागरी रांगेत उभ्या होत्या आणि माणसं न्यायाधीश झाली होती.

निकाल उद्या होता.

"आपण कशाला डोकं फोडून राहिलो? देवालाच इचारू की," किशनराव सरपंच म्हणाले, आणि सगळी मंडळी उठून महादेवाच्या देवळात शिरली.

गर्दी पाहून पिंडीपुढे बसलेला मलप्पा गुरव अंग चोरून बाजूला सरकला. निकाल काय लागणार, हे त्या सगळ्यांत एकट्या त्यालाच ठाऊक होतं. देवळातली घंटा चोरीला गेली तेव्हा तक्रार त्यानंच दिली होती. फौजदारानं संशयावरून सरजाबाईच्या पोराला, मारोतीला, धरून आणलं, तेव्हा चौकीच्या ओसरीवर तोच बसलेला होता. मारोतीचं ओरडणं त्यानं ऐकलं होतं, आणि ते एकदम थांबलं तेही. सकाळी पोरगा गावाबाहेरच्या कोरड्या विहिरीत सापडला. पळून जाताना पडला, असं पोलिसांनी सांगितलं. ते खोटं आहे हे सांगणारा मलप्पाशिवाय दुसरा साक्षीदार नव्हता. पण साक्षीच्या आधी फौजदाराचा एक माणूस घरी आला, पाणी प्यायला, आणि मलप्पाच्या लेकरांची नावं तेवढी विचारून गेला. मग पिंजऱ्यात उभं राहून मलप्पा म्हणाला, "पोरगं पळालं साहेब. म्या डोळ्यानं बघितलं." गावात येऊन मात्र त्यानं सांगितलं, जे खरं ते सांगून आलो.

"ज्याचं काम त्यानंच कौल मागावा," कुणीतरी म्हणालं. सरजाबाईला घरून बोलावून आणलं. ती गाभाऱ्याच्या उंबऱ्याबाहेर बसली. कौलाला लागेल म्हणून तिनं घरातलं होतं नव्हतं ते पाणी तांब्यात घालून आणलं होतं.

"देवा, माझ्या लेकराला मारणाराला सजा व्हईल का?" तिनं विचारलं आणि हात जोडले.

ज्वारीचे दोन दाणे ओले करायचे आणि पिंडीच्या दोन्ही अंगांना चिकटवायचे. उजवा आधी गळला तर काम होणार, डावा गळला तर नाही. कोणता दाणा कसा ठेवला की आधी गळतो, हे मलप्पाला बापानं कधीच दाखवून ठेवलं होतं. पण देवाशी चेष्टा नको म्हणून त्यानं आजवर ते केलं नव्हतं. आज त्यानं सरजाबाईच्या सुकलेल्या तोंडाकडे पाहिलं. त्याला स्वतःची लाज वाटली, आणि लाजेच्या पोटी एक युक्ती सुचली. उद्या जे व्हायचं ते होईल, आज तरी बाई सुखानं दोन घास खाईल. आपल्या हातून तेवढंच. पाप स्वस्तात फेडायची माणसाला हौस फार! त्यानं उजव्या बाजूचा दाणा धोतराला पुसला आणि नुसता टेकवल्यासारखा ठेवला.

दाणा लगेच गळला.

"हर हर महादेव!" देऊळ दुमदुमलं. किशनरावांनी साखर आणायला माणूस पिटाळला. फाशीवाले जन्मठेपवाल्यांच्या पाठीवर थापा मारू लागले.

सरजाबाई मात्र बसून राहिली. मग म्हणाली, "मलप्पा, जरा भाईर या."

तो उंबरा ओलांडून आला तशी ती वाकली आणि तिनं त्याच्या पायांवर डोकं ठेवलं.

"अवं, हे काय करता सरजाबाई? उठा!"

"उठते. आधी मला माफ करा." तिनं पाय सोडले नाहीत. "साक्षीच्या दिवशी मला भाईर बसवलं व्हतं, आत काय झालं मला काय ठावं? वकील म्हणत व्हते की तुमी फितलाव. म्या ते मनात धरलं. तुमच्या लेकराबाळांना लई शिव्याशाप दिले, मलप्पा. चुलीपुढं बसून दिले. आज देवानं डोळे उघडले. तुमी खरं बोललाव, म्हणूनच उजवा दिला. न्हाई तर त्यानं कशाला दिला असता?"

मलप्पाला वाटलं, आत्ताच्या आत्ता सांगून टाकावं. दाणा देवानं नाही, मी पाडला. त्यानं तोंड उघडलंही. पण सगळा गाव त्याच्याकडे कौतुकानं पाहत होता. कोर्टातही तो इतका भ्याला नव्हता.

"देवाचा माणूस तो, खोटं कसा बोलंल?" किशनराव म्हणाले आणि साखरेची पहिली चिमूट त्यांनी मलप्पाच्याच हातावर ठेवली.

सरजाबाईनं पदरानं डोळे पुसले. कितीतरी दिवसांनी तिचा चेहरा मोकळा दिसत होता.

"उद्या माझ्यासंगं लातूरला चला," ती म्हणाली. "साहेब काय वाचत्यात ते मला समजायचं न्हाई, अन् दुसऱ्या कुणाचा मला आता भरवसा न्हाई. तुमी माझ्याजवळ बसा. निकाल म्या तुमच्याच तोंडून ऐकीन."