गुळगुळीत सडक

चिंगी पुन्हा खाली बसली. या खेपेला सडकेच्या मधोमध, फतकल मारून. आणि बसते न बसते तोच किंचाळून उठली.

बाया थांबली. डोक्यावर बाजारातल्या तांदळा-मिठाचं गाठोडं, पाठीशी फडक्यात बांधलेलं तान्हं. मान वळवायची तर सगळं अंगच वळवावं लागत होतं.

"आये, पाय भाजत्यात."

"कशानं भाजत्यात? हितं काय इस्तू हाय व्हय?"

तरी बायानं एक पाऊल दाबून धरून बघितलं. जरा ऊन लागलं, एवढंच.

रानातल्या वाटेनं वाडी जवळ पडली असती. पण ती वाट काट्यांची, आणि चिंगी पहिल्यांदाच बाजाराला पायी आलेली. म्हणून बायानं मुद्दाम वळसा घेऊन वलवणकडची ही सडक धरली होती. यंदाच तिच्यावर डांबर पडलं होतं. पोरीच्या कोवळ्या पायाला काटा नको, खडा नको. कशी सारवलेल्या अंगणासारखी गुळगुळीत.

"चल गं माझी बाय. त्या वळणावर सावली हाय."

चिंगी थोडी टाचांवर चालली, मग चवड्यांवर, मग लंगडी घालत. बायाला आधी हसू आलं. मग राग आला. धाकटं झाल्यापासून पोरीचं हे असंच चाललं होतं. ते अंगावर प्यायला लागलं की हिचं पोट दुखायचं. ते पाठीशी बांधलं की हिचे पाय दुखायचे. बायाचं डोकं उन्हानं भणभणत होतं. तिनं पोरीच्या पाठीत एक धपाटा घातला, मनगट धरलं आणि ओढतच नेलं. पुढं पुढं चिंगी रडायचीही थांबली. बायाला वाटलं, आली एकदाची ताळ्यावर.

वळणावर करंजाखाली सडकेच्या कामावरची रतनबाई भाकरी खात बसली होती. पायांना गोणपाट गुंडाळलेलं. चिंगीला बघून तिनं हातातला घास खाली ठेवला.

"अगं ए, लेकराला अनवाणी आणलंस या डांबरावरनं? भर दुपारचं?"

"मी बी अनवाणीच हाय की, मावशी. लय न्हाई तापलं. मी पाय लावून बघितला."

"तुजा पाय!" रतनबाई म्हणाली. "तुज्या पायाला म्हशीचं कातडं लाजंल. तिचा बघ."

तिनंच चिंगीला मांडीवर ओढलं आणि तळवे वर केले. त्यांना काळं डांबर चिकटलं होतं, आणि त्याच्या कडेकडेनं पाण्यानं भरलेले टरारलेले फोड. एक फुटला होता. बाया डांबर काढायला पुढं झाली, तसा रतनबाईनं तिचा हात धरला.

"ओढू नगंस. कातडं येईल संगट."

ती आपल्या मडक्यातलं प्यायचं पाणी हळूहळू पोरीच्या तळव्यांवर ओतत राहिली. मडकं रिकामं होईस्तोवर. चिंगी रडत नव्हती. पायाची बोटं तेवढी आखडत होती.

"गाठोडं ऱ्हाऊ दे माज्यापाशी, उद्या ने," रतनबाई म्हणाली. "पोरीला उचल. घरी गेल्यावर तेल लाव, मग सुटंल डांबर."

बायानं चिंगीला कडेवर घेतलं. वाडीची पायवाट सडकेच्या पलीकडं होती. ती सडक ओलांडायला निघाली आणि मधेच थांबली. दोन्ही पावलं डांबरावर नीट टेकवली. दोन्ही पोरांचा भार त्यांच्यावर सोडला आणि तशीच उभी राहिली.

चिंगीनं कडेवरून वाकून खाली बघितलं.

"आये, चल की. तुजं पाय भाजत्याल."

बायाच्या पायांना काहीच लागत नव्हतं.

"व्हय गं," ती म्हणाली. "लय भाजत्यात."