ऐकणाऱ्या साहेबांस

मिसिसिपीतील आमच्या गावी कृष्णवर्णीयांच्या मतदारनोंदणीचे कार्य करणारे वयोवृद्ध हायरम दूरध्वनी उचलताच प्रथम म्हणत, "ऐकणारे साहेब, सुप्रभात." त्यावर त्यांची पत्नी ओडेसा हसे. "तुझं बोलणं चोरून ऐकायला तू काय गव्हर्नर लागून गेलास?"

अखेर एके सकाळी रेडिओवर बातमी आली, की सरकारी हेर गावातील दूरध्वनी खरोखरच ऐकत असत. हायरम प्रसन्न मुद्रेने म्हणाले, "आता तरी मला वेडा म्हणू नकोस."

ओडेसाने दूरध्वनी उचलला आणि क्रमांक न फिरवताच ती हळू आवाजात म्हणाली, "साहेब, बहिणीला रताळ्याच्या पाईची कृती सांगताना मी जायफळ मुद्दामच गाळलं होतं. तुमच्या बायकोला तेवढं घालायला सांगा. बहिणीला मात्र कळू देऊ नका."