पितळी फ्लोट

"चावी बंद करा मालक! बंद करा!" बंकट ओरडला.

अमरसिंहानं चावी फिरवली. इंजिन दोन गचके देऊन थांबलं. कार्बोरेटरमधून पेट्रोल भळाभळा वाहत होतं आणि खालच्या तापलेल्या लोखंडावर पडून त्याची वाफ होत होती. बंकटनं फडकं दाबून धरलं. एक ठिणगी उडाली असती, तर गाडी, शेड आणि दोन माणसं, सगळ्यांचा कोळसा झाला असता.

गाडी म्हणजे पन्नास वर्षांपूर्वीची अ‍ॅम्बेसेडर, अमरसिंहाच्या वडलांची. बंकटचं गॅरेज लिंबागणेशच्या फाट्यावर. जुन्या गाड्यांवर त्याच्याइतका कोणाचा हात बसलेला नव्हता. तरी अमरसिंहाच्या या मळ्यात पाय ठेवायला तो नाखूष असायचा. मागल्या वर्षी विहिरीची मोटार जाळली म्हणून अमरसिंहानं एका गड्याचा हात पाइपानं मोडला होता. गावात कोणी ब्र काढला नव्हता.

"नारायणगडाला जायचंय," अमरसिंह म्हणाला. "दोनदा ठरवलं, दोन्ही वक्ताला हिनं दगा दिला. आज बारा वाजायच्या आत निघायचं हाय."

"बाहेर नवी गाडी उभी हाय की मालक."

"तिला समदा जिल्हा वळखतो. तू तुझं काम कर बे."

बंकट कामाला लागला. प्लग काढले तर चारही ओलेचिंब. चोक बघितला, तो नीट उघडत होता. मग कार्बोरेटरचं झाकण उघडून पेट्रोल अडवणारी सुई काढली. कचरा असेल तर सुई बसत नाही आणि पेट्रोल थांबत नाही. पण सुई चकचकीत होती. राहता राहिला फ्लोट. पेट्रोल भरलं की वर तरंगून सुई बंद करणारा तो पितळी डबा बंकटनं कानापाशी नेऊन हलवला. आत पेट्रोल डुचमळलं.

"वाईच गरम पाणी लागंल," तो म्हणाला.

अमरसिंहाची बायको वनमाला पातेलं घेऊन आली. बंकटनं फ्लोट पाण्यात बुडवला. एका जागेवरून बुडबुडे निघाले. मग शेजारून आणखी.

त्यानं फ्लोट उजेडात धरला. गंजाचा मागमूस नव्हता. दोन गोल, नेमकी भोकं. पोतं शिवायच्या दाभणानं पाडावीत तशी.

"शेडला कुलूप असतं का मालक?" त्यानं जमेल तितक्या सहज विचारलं.

"असतं. किल्ली हिच्यापाशी. का?"

बंकटनं मान वर केली. वनमाला दाराला धरून उभी होती. तोंडावर रक्ताचा थेंब नव्हता. तिची नजर अमरसिंहावर नव्हती, बंकटच्या हातातल्या फ्लोटवर होती.

"का, म्हनून इचारलं मी," अमरसिंह जवळ आला. "कोणी हात लावलाय का गाडीला?"

खरं सांगावं तर या बाईचं आज काय होईल, ते त्याला दिसत होतं. न सांगावं तर उद्या हा माणूस चालत्या गाडीत जळेल.

"न्हाई मालक. गंज हाय. ओल लागली असंल. कथलाचा डाग दिला की झालं."

अमरसिंहानं फ्लोट बघायला हात पुढं केला. तेवढ्यात फोन वाजला, तसा तो बोलत बोलत फाटकाकडं गेला.

बंकटनं फ्लोटमधलं पेट्रोल झटकून काढलं, तो फुंकून सुकवला आणि लांब पडवीत बसून दोन्ही भोकांवर बारीक डाग दिला. पुन्हा गरम पाण्यात धरला. एकही बुडबुडा नाही. शेडमध्ये येऊन त्यानं फ्लोट आणि झाकण बसवलं.

वनमाला शेजारी येऊन उभी होती.

"वैनी," तो खालच्या आवाजात म्हणाला, "मी कोणाला सांगणार न्हाई. पर असलं परत करू नका. मानूस जळतो यानं."

"आज गाडी निघू देऊ नका, बंकटभाऊ." तिनं हात जोडले. "तुमच्या पाया पडते."

बंकटला तिची कीव आली. करून बसली होती आणि आता धनी जळंल म्हणून घाबरली होती.

"आता भ्यायचं काम न्हाई," तो म्हणाला. "पार पक्कं केलंय. आता पेटायची न्हाई."

"तसं न्हाई हो. मी..."

फाटकाकडून पावलं वाजली. तिचे शब्द तोंडातच राहिले.

"झालं का?" अमरसिंहानं विचारलं.

बंकटनं देवाचं नाव घेऊन चावी फिरवली. एका दमात इंजिन धरलं. तो उतरून कार्बोरेटरवर वाकला. एक थेंब नाही. पाच मिनिटं तो तसाच वाकून होता. मग त्यानं घाम पुसला. दोन जीव वाचले, असं त्याला वाटलं. एक जळण्यापासून, एक मार खाण्यापासून.

मागं काहीतरी धपकन पडल्याचा आवाज झाला. वनमाला भुईवर बसली होती, तोंडात पदराचा बोळा कोंबून.

अमरसिंहानं तिच्याकडं पाहिलंही नाही. त्यानं गाडीच्या मागच्या काचांचे पडदे ओढून घेतले आणि घराकडं तोंड करून हाक दिली.

"आना तिला. पाव्हणे गडावर खोळंबलेत."

दोन बायकांनी दंडाला धरून अमरसिंहाची पोरगी बाहेर आणली, अंगाला हळद, कपाळाला मुंडावळ्या. ती योगिता होती, बंकटच्या लेकीच्या वर्गातली, नववी ब.